कोकणातलं जुनं कौलारू घर राहतं करायचंय? कामाचा क्रम असा लावा

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या आणि कोकणात वडिलोपार्जित घर असलेल्या बऱ्याच कुटुंबांत हा वाद चालू असतो. घर पाडून स्लॅबचं बांधायचं, की आहे ते दुरुस्त करून मागे दोन खोल्या वाढवायच्या? आम्ही राजापूर तालुक्यातलं आमचं घर दुसऱ्या मार्गाने केलं. तुमचं घरही जांभ्याच्या चिऱ्यांचं, मातीत रचलेल्या भिंतींचं आणि मंगलोरी कौलांचं असेल, तर ते पाडायची घाई करू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. अशा घरात आजच्या सगळ्या सोयी बसतात. त्यासाठी एक सूत्र मात्र कसोशीने पाळावं लागतं : ओलं सगळं नव्या बांधकामात, कोरडं सगळं जुन्यात.

संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघराची मोरी, कपडे धुण्याचं यंत्र आणि पाण्याची टाकी वाढीव भागात न्या. ओटी, माजघर, देवघर आणि झोपायच्या खोल्या जुन्या भिंतींच्या आत राहू द्या. मातीत रचलेली चिऱ्याची भिंत कोरडी राहिली तर पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. तिच्यात रोज पाणी मुरायला लागलं की सांध्यातली माती सुटते आणि मग वरून कितीही प्लास्टर मारलं तरी ती टिकत नाही. खालचा सगळा क्रम याच सूत्रावर बेतलेला आहे.

१. आधी कागद, मग गवंडी

घर आणि जमीन यांची नोंद दोन वेगळ्या दप्तरांत असते, हे नव्याने लक्ष घालणाऱ्याला माहीत नसतं. जमीन तलाठ्याकडे सातबाऱ्यावर असते, घर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत. या दोन्हींतली नावं जुळतीलच असं नाही. नमुना ८ वर एकट्या थोरल्या काकांचं नाव आणि सातबाऱ्यावर हयात नसलेल्या आजोबांसकट वीस नावं, हे चित्र घरोघरी दिसतं. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. तिच्या जोरावर काम सुरू करू नका.

जमवायचे कागद :

- सातबारा आणि ८अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा). डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.
- सातबाऱ्यावरच्या फेरफारांच्या (नावं-हक्क बदलल्याच्या नोंदींच्या) नकला. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचं किंवा बोजाचं काही असेल तर त्याचा फेरफार आधी काढा.
- नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टी थकबाकी नसल्याचा दाखला.
- मयत खातेदारांचे मृत्यू दाखले आणि वारस नोंदीचा अर्ज.
- सर्व सहहिस्सेदारांचं लेखी संमतीपत्र.
- वाढीव भाग हद्दीजवळ जात असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी आणि ‘क’ प्रत (मोजणीचा नकाशा).
- गावठाणातलं घर असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका किंवा सनद.

सगळ्यात जास्त वेळ संमतीपत्राला द्या. ‘आमची हरकत नाही’ एवढं एक वाक्य पुढे उपयोगी पडत नाही. वाढीव खोल्या कोणत्या बाजूला, किती फुटांच्या, खर्च कोणाचा आणि उद्या वाटणी झाली तर त्या खर्चाचा हिशेब कसा धरायचा, हे त्यात लिहा. ज्यांना खरंच हिस्सा नको आहे त्यांच्याकडून नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावं. सगळे राजी असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे जमिनीच्या वाटपाचा अर्ज करता येतो. गणपतीत सगळे भाऊबंद घरी असतात. सह्या घ्यायला वर्षात दुसरा इतका चांगला मुहूर्त नाही. मसुदा आधीच तयार ठेवा आणि आरती-जेवणं झाल्यावर शांतपणे वाचून दाखवा.

हद्दीबद्दल एक गोष्ट. गडगा (दगडी कुंपण) म्हणजे हद्द, असं गावात सगळे धरून चालतात. मोजणीत तसं निघेलच असं नाही. परसदारी खोली वाढवताना पाणंद किंवा शेजाऱ्याचा आगर जवळ असेल तर मोजणीचा खर्च टाळू नका.

२. परवानगी : दुरुस्ती वेगळी, वाढ वेगळी

कौलं बदलणं, वासे बदलणं, गिलावा करणं ही दुरुस्ती झाली. जोत्याचं, म्हणजे घराच्या चौथऱ्याचं, क्षेत्र वाढलं की ते नवं बांधकाम. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे त्याला पंचायतीची परवानगी लागते. अर्जासोबत वरचे कागद आणि परवानाधारक अभियंत्याने काढलेला नकाशा द्यावा लागतो. नकाशात जुनं आणि वाढीव बांधकाम वेगळ्या रंगांत दाखवायला सांगा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.

कोकणातली घरं वाड्यांमध्ये विखुरलेली आहेत. घर गावठाणाबाहेरच्या शेतजमिनीत असेल तर बिगरशेतीचा प्रश्न येतो. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड मुळे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींना मोठी सवलत मिळाली आहे. तुमच्या जमिनीचा गट त्यात बसतो का, हे तहसील कार्यालयात विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

समुद्राजवळ किंवा खाडीकाठी घर असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, बघणं अटळ आहे. २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत हा पट्टा लागू होतो. खाडीकाठी तो ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांतलं जे कमी असेल तेवढा. या पट्ट्यातल्या जुन्या घराची आहे त्या जोत्यावर दुरुस्ती आणि जोतं वाढवणं यांत फार मोठा फरक आहे. ‘इथे सगळ्यांनीच वाढवलंय’ हे शेजाऱ्याचं वाक्य परवानगीच्या जागी चालत नाही.

३. एक पावसाळा घर नुसतं बघा

कागद फिरत असताना हे काम करून घ्या. जुलैत चार दिवस घरी जाऊन राहा. घराचं दुखणं पावसातच दिसतं, मे महिन्यात गेलात तर सगळं ठणठणीत वाटेल. बॅटरी, मीटर टेप, ओळंबा, खडू, जाड दाभण आणि मोबाइलचा कॅमेरा एवढं सोबत असलं की पुरे.

माळ्यावर चढा आणि गळतीच्या प्रत्येक जागी वाशावर खडूने खूण करा. प्रत्येक खांबाच्या बुडाशी दाभण टोचा. अर्ध्या इंचापेक्षा सहज आत गेलं तर आतून लाकूड गेलंय असं समजा. भिंतीवर वाळवीचे मातीचे माग दिसतात का ते पाहा. भिंतींना ओळंबा लावा. भिंत फुगली असेल तर ती कितव्या थरापासून, हे लिहून ठेवा. दाराच्या चौकटीवर तिरकी भेग असेल तर तिच्या टोकांवर तारखेसह पेन्सिलची रेघ मारा. पावसाळ्यानंतर भेग रेघेपलीकडे गेली असेल तर जमीन खचते आहे, आणि मग अभियंत्याशिवाय पुढे जाऊ नये.

बाहेर आल्यावर पाणी कुठून कुठे वाहतं ते बघा. वर्षानुवर्षं माती साचून अंगण आणि परसू वर येतं, जोतं जमिनीत बुडतं आणि छपराच्या कडेवरून गळणाऱ्या पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या पायात उडतं. ओल येणाऱ्या कितीतरी घरांचं मूळ कारण एवढंच असतं. चोहोबाजूंनी साचलेली माती काढून जोतं पुन्हा उघडं केलं आणि पागोळीखाली उताराचा दगडी चर केला की अर्धी ओल आपसूक जाते. यासाठी कोणतंही महागडं रसायन लागत नाही.

४. वेळापत्रक पाण्यावरून ठरवा

चिऱ्याचं बांधकाम आणि चुन्याचा गिलावा या दोन्हींना पाणी भरपूर लागतं, आणि एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. म्हणून जोतं आणि भिंती नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. छप्पर दिवाळीनंतर उघडा आणि मार्चअखेर झाका. मे महिना रंग, वायरिंग आणि सुतारकामासाठी ठेवा. मिरग (मृग नक्षत्र) ७ जूनच्या आसपास लागतो, पण वळवाची सर त्याआधीच येते. उघड्या छपराने मे गाठणं म्हणजे मातीच्या भिंती पणाला लावणं.

गणपतीपर्यंत घर पूर्ण करून देतो, असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा. पावसात घाईने केलेला गिलावा नंतर पोपडे धरतो.

५. माणसं आणि करार

जुन्या घरासाठी सुतार आधी शोधा, ठेकेदार नंतर. कौलारू छप्पर उतरवून पुन्हा चढवणारे सुतार आता प्रत्येक गावात नाहीत. आसपास अलीकडे दुरुस्त झालेलं घर पावसात जाऊन बघा आणि त्याच माणसाला गाठा.

दुरुस्तीचं काम चौरस फुटाच्या दराने कोणालाही देऊ नका. उघडल्याशिवाय आत काय निघेल ते कळत नाही. दर फुगवून सांगितला जातो, नाहीतर निम्म्यात काम अडतं. दुरुस्ती रोजावर किंवा नगावर (इतके वासे, इतके खांब) आणि वाढीव भाग नकाशाप्रमाणे मजुरीच्या ठेक्यावर, अशी विभागणी उत्तम. माल स्वतः घ्या. शेवटचे दहा टक्के पहिल्या पावसानंतर देणार, हे सुरुवातीलाच लिहून घ्या. चांगला कारागीर ही अट मान्य करतो.

६. छप्पर : इथे हात आखडू नका

एका वेळी एकच पाखं, म्हणजे छपराची एक उतरती बाजू, उतरवा. उतरवलेली कौलं उभी रचा, ब्रशने धुवा आणि टिचकी मारून पाहा. खणखणीत वाजलं ते ठेवायचं, बद्द वाजलं ते बाजूला. १०० चौरस फुटांना साधारण १४० ते १५० कौलं लागतात. नवी घ्यायची असतील तर जुन्यातलं एक कौल सोबत घेऊन जा, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, त्यानंतर किनाऱ्यावर कितीतरी कारखाने उभे राहिले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा. जुनी आणि नवी मिसळायची वेळ आलीच तर एका पाख्यावर सगळी जुनी आणि दुसऱ्यावर सगळी नवी घाला. रिपांमधलं (कौलं ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर हातातल्या कौलावरून ठरवा, सुताराच्या आठवणीवरून नको.

लाकूड फक्त गेलेलं बदला. ऐन, किंजळ, फणस, साग यांचे जुने वासे वरून काळे दिसतात, पण रंधा मारला की आतून पक्के निघतात. ‘सगळंच काढून लोखंडी पाइप टाकू’ हा सल्ला सरसकट मिळेल. खाऱ्या वाऱ्यात पाइप सांध्यांपासून गंजतो, आणि तुमचं जुनं लाकूड ठेकेदाराच्या टेम्पोत जातं. पाइप वापरायचाच तर वाढीव भागात वापरा. आपल्या आवारातला फणस किंवा आंबा कापून लाकूड काढायचा विचार असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत फणस, आंबा, साग, ऐन आणि किंजळ ही सगळी झाडं आहेत.

खांबाचं बूड कुजलं असेल तर अख्खा खांब बदलायची गरज नसते. तुळईला दोन्हीकडून टेकू देऊन कुजका भाग कापतात आणि खाली घडीव दगड बसवतात. लाकडाचा जमिनीशी थेट संबंध राहू नये, वाळवी तिथूनच चढते. नव्या-जुन्या सगळ्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावून घ्या. ते अंगावर उडालं तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावायला सांगा.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगड आणि श्रीवर्धनकडे छपरंच्या छपरं उचलली, आणि पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. आता छप्पर करताना वासे भिंतीवरच्या पाटाला (माथ्यावरच्या आडव्या लाकडाला) लोखंडी पट्ट्यांनी बांधा. पागोळीच्या दोन ओळींतली आणि आढ्याजवळची कौलं तारेने रिपांना बांधा. वानरांच्या उड्यांनी कौलं सरकायचा त्रासही त्याने कमी होतो.

माजघर अंधारं असेल तर आठ-दहा काचेची कौलं घाला. भिंतीत नवी खिडकी पाडण्यापेक्षा हा उपाय कितीतरी सुरक्षित आहे.

कौलं काढून रंगीत पत्रा घालण्याचा मोह होईल. देखभाल कमी, हे खरं आहे. पण उन्हाळ्यात घर तापतं, पावसात बोललेलं ऐकू येत नाही, आणि जोराच्या वाऱ्यात कौल एकेक पडतं, तर पत्रा अख्खा उडतो. माझं मत कौलांच्या बाजूने आहे.

७. भिंती : सिमेंटला आवर घाला

जुन्या चिऱ्याला आणि मातीच्या सांध्याला श्वास लागतो. आत शिरलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते, पण सिमेंटच्या गिलाव्यामागे ती अडकते. मग दोन-तीन वर्षांत गिलावा पोकळ वाजायला लागतो. पूर्वी कोणी सिमेंट मारलं असेल तर टिचक्या मारत पोकळ भाग शोधा, तेवढाच काढा आणि भिंत निदान एक उन्हाळा वाळू द्या.

चुना विरवून, पाण्याखाली निदान दोन आठवडे मुरवलेला घ्यावा. एका भागाला तीन भाग चाळलेली वाळू हे प्रमाण धरून आधी मागच्या एका भिंतीवर चार फूट नमुना करून बघा. चुन्याचं काम येणारा गवंडी मिळवायला कष्ट पडतील, ते घ्या. वरून प्लास्टिकचा रंग लावलात तर सगळं वाया जाईल. आतून-बाहेरून चुन्याचाच हात द्या.

वायरिंगसाठी या भिंतींत कटरने झिऱ्या पाडू देऊ नका. कंपनाने सांधे सुटतात. वरून पट्टीतून वायर नेली की दिसायलाही वाईट दिसत नाही.

सारवलेल्या जमिनीवर सरसकट चकचकीत टाइल्स बसवल्या की खालची ओल भिंतींच्या बुडाकडे वळते. शहाबादी फरशी किंवा मातीच्या लाद्या चुन्यात बसवल्या तर जमीन स्वच्छ राहते आणि ओलीला वाटही मिळते.

८. वाढीव भाग : जुन्याला टेकू नका

वाढीव भागाने स्वतःच्या पायावर उभं राहावं. त्याची तुळई किंवा स्लॅब जुन्या भिंतीवर टेकवणं ही सगळ्यात धोक्याची गोष्ट आहे आणि दुर्दैवाने सर्रास केली जाते. नवे चिरे जुन्या भिंतीत दाते काढून गुंफू नका. नवं बांधकाम पहिली काही वर्षं थोडं बसतं, जुनं बसून झालेलं असतं. दोन्ही बांधलेले असले की भेग जुन्या भिंतीला पडते. नवं जिथे जुन्याला भिडतं तिथे मध्ये इंचभर फट ठेवून ती लवचिक भरावाने बुजवा. नव्या पायाचा चर जुन्या जोत्यापासून निदान तीन फूट दूर ठेवा, आणि जुन्या पायापेक्षा खोल जायचं असेल तर एका दमात खणू नका, तुकड्यातुकड्याने खणून भरत चला.

आत जायला नवा दरवाजा पाडण्याऐवजी मागील दार वापरा. आमच्या वाढीव भागाची जागा मागील दारानेच ठरवली.

आता छपरांची गाठ. जुन्या पाख्याचाच उतार पुढे वाढवला तर आठ-दहा फुटांवर डोकं आपटेल इतकं छप्पर खाली येतं. दोन पाखी समोरासमोर आणली तर मध्ये पन्हळ येते, आणि कोकणच्या पावसात पन्हळ हमखास गळते. म्हणून वाढीव भाग पाच-सहा फूट मागे सरकवून मध्ये छोटी जोडपडवी करणं मला सर्वांत बरं वाटतं. तिचं छप्पर जुन्या पागोळीच्या खाली घ्यावं. पन्हळ टाळताच येत नसेल तर ॲल्युमिनियमची, फूटभर रुंद, भरपूर उताराची करा आणि मिरगाआधी पाला काढायचा नेम ठेवा.

चिरे निवडताना खाणीवर स्वतः जा. पांढऱ्या मातीच्या गाठी आणि भोकं असलेला चिरा नको. नुकता काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर राहून तो कडक होतो. त्यामुळे माल आधी आणून आवारात ठेवला तर फायद्याचं. पावसात खाणी बंद असतात, हेही लक्षात असू द्या.

९. पाणी, सांडपाणी, वीज

हजार लिटरची टाकी भरली की हजार किलो वजन होतं. ती न्हाणीघराच्या स्लॅबवर, म्हणजे वाढीव भागाच्याच डोक्यावर बसवा. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट दूर आणि विहिरीच्या उताराकडच्या बाजूला हवा. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी लांबवर झिरपतं. शेजाऱ्याच्या विहिरीचंही अंतर मोजा.

वीजजोडणी अजून आजोबांच्या नावावर असेल तर महावितरणकडे नावबदल आणि भारवाढ यांचे अर्ज करा. गीझर, पंप आणि एसी जुन्या भारावर चालत नाहीत. नवं अर्थिंग करून घ्या आणि मुख्य बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओल्या हवेत तो जीव वाचवतो. घर बहुतेक वर्ष बंद राहणार असेल तर पंपाचं आणि फ्रीजचं सर्किट वेगळं ठेवा.

१०. पहिला पाऊस आणि शेवटची नोंद

जूनच्या शेवटी सुताराला सोबत घेऊन माळ्यावर चढा. नवं रचलेलं छप्पर पहिल्या पावसात दोन-चार ठिकाणी गळणारच, कौलं बसायला एक पाऊस लागतो. सरकलेली कौलं तेव्हाच नीट करून घ्या. जोडपडवीचा सांधा, पन्हळ, शोषखड्ड्याचं तोंड आणि जोत्याभोवतीचा चर बघा. सगळं पटलं की राखून ठेवलेले दहा टक्के द्या.

त्यानंतर ग्रामपंचायतीत वाढीव क्षेत्राची नमुना ८ वर नोंद करून घ्या. घरपट्टी थोडी वाढेल म्हणून लोक हे टाळतात. पुढे वादळात नुकसान झालं आणि पंचनामा झाला, तर नोंद नसलेल्या खोल्या दाखवायला तुमच्याकडे कागद नसेल. बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि संमतीपत्र यांच्या प्रती गावच्या घरी एक आणि शहरात एक अशा ठेवा.